एएमची तपासणी: टोक नको, दरी बघा

हौशी रेडिओच्या (हॅम) ४० मीटर बँडवर एएम, म्हणजे आवाजाप्रमाणे रेडिओलाटेची उंची कमी-जास्त करणारं प्रसारण, लावून बोललं की समोरून बहुतेक वेळा एकच रिपोर्ट येतो, ‘फाइव्ह नाइन, मॉड्युलेशन छान’, म्हणजे सिग्नल स्पष्ट, जोरदार आणि लाटेवर चढलेला आवाजही उत्तम. त्यात सभ्यपणा जास्त आणि माहिती कमी. समोरच्याचा एजीसी (रिसीव्हरचा आपोआप बदलणारा गेन) तुमच्या कॅरिअरचं (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लाटेचं) कमी-जास्त होणं झाकून टाकतो, त्याचा अरुंद फिल्टर तुमच्या पसरलेल्या साइडबँड (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आवाजाने तयार होणारे पट्टे) कापून टाकतो. तुमच्या स्प्लॅटरचा (शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर उडणाऱ्या कचऱ्याचा) त्रास ज्याला होतो तो ५ किलोहर्ट्झ बाजूला तिसऱ्याशीच बोलत असतो आणि मनातल्या मनात शिव्या देत असतो. तो काही रिपोर्ट द्यायला येत नाही. म्हणून आपला सिग्नल आपणच, आपल्या टेबलावर, बोलत असतानाच बघता आला पाहिजे.

बघायचं काय, तर एन्व्हलपचा (लाटेच्या उंचीच्या बाह्यरेषेचा) तळ. वरचं टोक थोडं कमी पडलं तर आवाज दबलेला जातो, नुकसान आपलंच. खालची दरी शून्याला टेकली की मात्र कॅरिअर क्षणभर बंद पडतो, तिथे धारदार कोपरे तयार होतात आणि त्या कोपऱ्यांचा कचरा दोन्ही बाजूंना पसरतो. पुढे जी साधनं सांगितली आहेत, त्यातलं प्रत्येक साधन या दरीबद्दल कुठे ना कुठे खोटं बोलतं. कोण कुठे खोटं बोलतं हे कळलं की तपासणी जमली.

पुढचे आकडे २५ वॅट कॅरिअर, ५० ओहम लोड आणि ७ मेगाहर्ट्झ धरून आहेत. २५ वॅट म्हणजे ५० ओहमवर ३५.४ व्होल्ट आरएमएस, टोकाला ५० व्होल्ट. १०० टक्के मॉड्युलेशनला टोक दुप्पट होतं, १०० व्होल्ट. पॉवर व्होल्टच्या वर्गाने वाढते, म्हणून पीईपी (टोकाच्या क्षणाची पॉवर) चौपट, १०० वॅट. सरासरी पॉवर मात्र शुद्ध टोनला दीडपटच, ३७.५ वॅट. तुमचा होमब्रू ट्रान्समीटर १० वॅटचा असेल तर व्होल्टचे आकडे ०.६३ ने गुणा. १०० वॅटचा तयार ट्रान्सीव्हर असेल तर त्याचाही एएम कॅरिअर २५ वॅटच ठेवायचा, कारण त्याच्याकडे पीईपी १०० वॅटच आहे.

डमी लोड आणि सॅम्पलर

सगळी जुळणी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या, पॉवर हवेत न सोडणाऱ्या रेझिस्टरवर) करायची. लायसन्स आहे म्हणून बँडवर अर्धा तास टोन सोडत बसायची मुभा मिळत नाही.

१ किलोओहम २ वॅटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॅट. ३७.५ वॅटला हे जेमतेम पुरतं, त्यामुळे ते झाकणाच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. झाकणाला बारीक भोक ठेवा, तेल तापलं की फुगतं. कॉपर क्लॅडच्या दोन गोल चकत्यांमध्ये रेझिस्टर उभे बसवले आणि पाय एकदम आखूड ठेवले तर ७ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (लोडवरून परत फिरणाऱ्या लाटेचं माप) १.१ च्या आत राहतो. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर इथे चालत नाहीत. आत तार गुंडाळलेली असते, मल्टिमीटर ५० ओहम दाखवतो आणि आरएफला (रेडिओ फ्रिक्वेन्सीला) ती चक्क कॉइल होते. मेटल ऑक्साइड सांगली-मिरजेत एकदम २० नग मिळतीलच असं नाही, पुण्याला फेरी झाली तर तपकीर गल्लीतून आणून ठेवा.

सॅम्पलर म्हणजे आरएफचा चिमूटभर नमुना काढणारी डबी. पत्र्याची छोटी डबी घ्या, दोन टोकांना दोन एसओ-२३९ सॉकेट, मध्ये जाड तांब्याची सरळ तार. त्या तारेच्या मधोमध काटकोनात २.२ किलोओहम १ वॅटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर एकामागे एक जोडा आणि दुसरं टोक बीएनसी सॉकेटवर काढा. तिथून कोअॅक्सने स्कोपपर्यंत (ऑसिलोस्कोप, लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र), आणि स्कोपच्या तोंडाशी टी-कनेक्टर लावून ५० ओहमचं टर्मिनेशन. टर्मिनेशन नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर करून बीएनसी प्लगमध्येच डाग द्या.

हिशोब असा: ४४०० अधिक ५० भागिले ५०, म्हणजे ८९ ला १. कॅरिअरचं ५० व्होल्टचं टोक स्कोपवर ०.५६ व्होल्ट, पूर्ण मॉड्युलेशनचं १०० व्होल्ट १.१२ व्होल्ट. स्कोप ०.५ व्होल्ट प्रति चौकोन ठेवला तर कॅरिअरची पट्टी सव्वादोन चौकोन उंच दिसते आणि १०० टक्क्यांना साडेचार. दोन्ही रेझिस्टर मिळून अर्ध्या वॅटहून कमी तापतात.

टर्मिनेशन विसरलं तर तीच डबी भलतंच सांगते. तेव्हा ५० ओहमऐवजी कोअॅक्स आणि स्कोपची कपॅसिटी खालचा रेझिस्टर बनते आणि आकडा बँडगणिक बदलतो. १०-एक्स प्रोब थेट अँटेना सॉकेटवर टेकवायचा मोहही टाळा. प्रोबवर ६०० व्होल्ट छापलेलं असतं ते डीसीचं आणि कमी फ्रिक्वेन्सीचं असतं. मेगाहर्ट्झमध्ये ती मर्यादा झपाट्याने खाली येते.

डबी लो-पास फिल्टरनंतर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या फिल्टरनंतर) लावा. आधी लावली तर हार्मोनिक्समुळे पट्टीच्या कडा खरबरीत दिसतात आणि दरीचा तळ कुठे आहे तेच कळत नाही. ट्यूनर वापरत असाल तर डबी ट्रान्समीटर आणि ट्यूनरच्या मध्ये, जिथे खरंच ५० ओहम आहे तिथे.

टोन

मोबाइलमधलं टोन जनरेटर अॅप पुरतं. हेडफोनच्या तारेला ४७ किलोओहम मालिकेत आणि ४७० ओहम जमिनीला लावा, म्हणजे अर्ध्या-पाऊण व्होल्टचे पाच-सात मिलिव्होल्ट होतात, माइकच्या पातळीचे. माइक इनपुटवर कंडेन्सर माइकसाठी डीसी येत असेल तर मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. मोबाइल चार्जरला लावलेला नको, नाहीतर चार्जरचाच हम (विजेची घरघर) मोजत बसाल. फोन फ्लाइट मोडवर टाका, मध्येच वाजलेली रिंगटोन मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरला मानवत नाही.

१००० हर्ट्झ हा मुख्य टोन, ४०० हर्ट्झ मल्टिमीटरसाठी, ३०० आणि ३००० हर्ट्झ दोन टोकांसाठी. पूर्ण मॉड्युलेशनचा टोन एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. बहुतेक घरगुती मॉड्युलेटर (कॅरिअरवर आवाज चढवणारी सर्किट) बोलण्याच्या हिशोबाने बांधलेले असतात. अखंड टोनवर आधी ट्रान्सफॉर्मर तापतो, मग वास येतो.

स्कोपवरचं चित्र

जुना १० किंवा २० मेगाहर्ट्झचा अॅनालॉग सीआरओ (जुन्या काचेच्या नळीचा स्कोप) या कामाला उत्तम. ७ मेगाहर्ट्झवर त्याची उंची थोडी कमी आली तरी सगळं चित्र सारख्याच प्रमाणात लहान होतं, टक्केवारी बदलत नाही. ट्रिगर आरएफवर लावू नका, चित्र पळत राहील. टोन दुसऱ्या चॅनलला किंवा एक्सटर्नल ट्रिगरला द्या. १००० हर्ट्झला टाइमबेस ०.५ मिलिसेकंद ठेवला की पडद्यावर पाच लाटा स्थिर दिसतात.

आधी टोन बंद ठेवून नुसता कॅरिअर बघा. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर काचेला मार्करने बारीक खुणा करा. मग टोन वाढवा. समजा पट्टी सर्वांत रुंद जागी ४.२ चौकोन आणि सर्वांत अरुंद जागी ०.४ चौकोन आहे. मोठ्यातून लहान वजा केलं, ३.८. दोघांची बेरीज ४.६. भागाकार ०.८३, म्हणजे ८३ टक्के. हे पुस्तकी सूत्र सरासरी काढतं आणि नेमकी हवी ती गोष्ट लपवतं. त्यापेक्षा वरचं आणि खालचं वेगळं काढा. कॅरिअर २.२५ चौकोन असेल तर वरच्या बाजूला ४.२ वजा २.२५ भागिले २.२५, म्हणजे ८७ टक्के. खाली २.२५ वजा ०.४ भागिले २.२५, म्हणजे ८२ टक्के. रोजच्या वापरात खालचा आकडा ९० च्या आत ठेवा. वर ११० गेला तरी, ट्रान्समीटरची तेवढी ताकद असेल तर, कुणाचं काही बिघडत नाही.

इथे सीआरओचं पहिलं खोटं. ट्रेसचीच जाडी ०.१ चौकोन असते, आणि सव्वादोन चौकोनांच्या कॅरिअरमध्ये ती चार-साडेचार टक्के होते. म्हणजे ९६ टक्के आणि १०० टक्के डोळ्यांना सारखेच दिसतात. दरी बघायची असेल तेव्हा व्हर्टिकल गेन पाचपट वाढवा, वरची टोकं पडद्याबाहेर जाऊ द्या आणि मधली फटच बघा. दोन कडांमध्ये अंधाराऐवजी उजळ आडवी रेघ दिसली की समजा, कॅरिअर तेवढा वेळ मेलेला आहे.

डिजिटल स्कोप यापेक्षा मोठं खोटं बोलतो. दहा हजार पॉइंटची मेमरी आणि पडद्यावर ५ मिलिसेकंद असतील तर नमुना दर सेकंदाला २० लाखच घेतला जातो. ७ मेगाहर्ट्झच्या लाटेला निदान १ कोटी ४० लाखांहून जास्त लागतात. मग कॅरिअरच्या जागी भलत्याच लाटा दिसतात, कधी मॉड्युलेशन नसताना असल्यासारखं, कधी दरी उथळ. अॅक्विझिशन मेन्यूत जाऊन पीक डिटेक्ट चालू करा आणि टाइमबेस बदलून बघा. टाइमबेस बदलल्यावर पट्टीची उंची किंवा आकार बदलला तर ते चित्र खोटं.

आता बिघाड. वरची टोकं सपाट आणि दरी व्यवस्थित गोल असेल तर आरएफ स्टेजला वर जायला जागा नाही. ड्राइव्ह कमी आहे, ट्यूब थकली आहे, पॉवर सप्लाय टोकाला बसतो आहे किंवा लोडिंग चुकलं आहे. तयार ट्रान्सीव्हरवर हे दिसलं तर आधी कॅरिअर ४० वॅटवर लावलाय का ते बघा. एएलसी (ट्रान्सीव्हरची पॉवर आपोआप आवरणारा भाग) वरचं टोक दाबून टाकतो आणि माइक गेन वाढवून काही होत नाही.

दरी सपाट आहे पण शून्याला पोचलेली नाही, असं दिसलं तर कॅरिअर मेलेला नाही, ऑडिओच आधी कुठेतरी कापला जातो आहे. दुसऱ्या चॅनलवर मॉड्युलेटरचं आउटपुट बघितलं की खात्री होते. १००० हर्ट्झला चित्र स्वच्छ आणि ३०० ला वाकडंतिकडं असेल तर मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरचा कोअर भरतो आहे. त्याला उपाय मोठा कोअर, नाहीतर ३०० हर्ट्झखालचा ऑडिओ आधीच कापणं. दुसरं स्वस्त आहे आणि आवाजही सुधारतो. लाटेच्या फक्त एका उतारावर केसाळपणा दिसला तर ती पॅरासिटिक ऑसिलेशन (स्टेजची आपोआप सुरू झालेली नकोशी थरथर), ग्रिड किंवा गेटच्या अगदी पायाशी १० ते ४७ ओहमचा रेझिस्टर लावून बघा.

ट्रॅपेझॉइड

एन्व्हलप किती मॉड्युलेशन आहे ते सांगतो, ट्रॅपेझॉइड ते सरळ आहे की वाकडं ते सांगतो. स्कोप एक्स-वायवर टाका. वायला सॅम्पलरचा आरएफ, एक्सला मॉड्युलेटरचा ऑडिओ. शून्य मॉड्युलेशनला उभी रेघ, अर्ध्या मॉड्युलेशनला समलंब चौकोन, १०० टक्क्यांना टोकदार त्रिकोण, त्यापुढे त्रिकोणाच्या टोकाला शेपूट फुटते. ही शेपूट बोलत असतानाही लगेच लक्षात येते, टोनची आणि ट्रिगरची गरज नाही. कायम चालू ठेवायला हेच चित्र सगळ्यांत सोयीचं.

ऑडिओ मॉड्युलेटरच्या शेवटच्या टोकावरून घ्यायचा, माइक प्रीअॅम्पवरून नाही. ६१४६ सारख्या ट्यूबला ६०० व्होल्ट प्लेट असेल तर तिथे मॉड्युलेशनच्या टोकाला १२०० व्होल्ट येतात. एका अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरवर साधारण ३५० व्होल्टांपेक्षा जास्त ठेवायचे नसतात, म्हणून ४७० किलोओहमचे चार मालिकेत आणि खाली २२ किलोओहम जमिनीला. ६०० व्होल्टांच्या ऑडिओ टोकाचे सात व्होल्ट होतात. स्कोपचा इनपुट एसीवर. हे जोडताना सप्लाय बंद, प्लग बाहेर, फिल्टर कपॅसिटर जमिनीला टेकवून रिकामे केलेले. एक हात खिशात ठेवायचा जुना नियम इथे शब्दशः पाळा.

त्रिकोणाच्या दोन्ही तिरक्या कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ हव्यात. रुंद बाजूला कडा आत वळल्या तर वर सांगितलेलं टोक सपाट होणं. टोकाजवळ कडा वाकल्या आणि ट्यूब टेट्रोड असेल, ८०७ किंवा ६१४६, तर स्क्रीनचा सप्लाय बघा. स्क्रीन वेगळ्या स्थिर सप्लायवर असेल तर नुसती प्लेट मॉड्युलेट करून सरळ रेघ मिळत नाही, स्क्रीनलाही ऑडिओ पोचला पाहिजे. टोक मिटतच नाही, बोथट राहतं, असं असेल तर ड्रायव्हरचा आरएफ शेवटच्या ट्यूबमधून तसाच पलीकडे झिरपतो आहे, न्यूट्रलायझेशन करा, म्हणजे तो झिरपणारा आरएफ उलट सिग्नलने रद्द करा. कडा दुहेरी, लांबट अंड्यासारख्या दिसल्या तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा ट्रान्समीटरचा दोष नसतो, ऑडिओ जिथून घेतला तिथला फेज फरक असतो. नमुना प्लेटच्या जवळून घेतला की कडा मिटतात.

डायोड डिटेक्टर, आणि त्याचे लबाड कपॅसिटर

स्कोप नसेल तर डायोडने सुरुवात करता येते. सॅम्पलरच्याच डबीत दुसरी वाट काढा. मधल्या तारेवरून ४.७ किलोओहम १ वॅट, तिथून १.२ किलोओहम जमिनीला, आणि त्या सांध्यावरून १एन४१४८ डायोड. डायोडपुढे ४.७ किलोओहम आणि २.२ नॅनोफॅरड जमिनीला समांतर. कॅरिअरला काही व्होल्ट डीसी मिळतात, पुढच्या हिशोबात ७ धरले आहेत.

४.७ किलोओहम आणि २.२ नॅनोफॅरडचा गुणाकार येतो १० मायक्रोसेकंद. ‘फिल्टर चांगला व्हावा’ म्हणून २.२ ऐवजी २२ नॅनोफॅरड लावणारे बरेच असतात. मग ३ किलोहर्ट्झला लाट दरीत उतरते त्या वेगाने कपॅसिटर रिकामा होत नाही, दरीचा उतार तिरपा कापला जातो आणि हेडफोनमध्ये आवाज फाटलेला येतो. ट्रान्समीटर निर्दोष, डिटेक्टर गुन्हेगार. ९० टक्के मॉड्युलेशन आणि ३ किलोहर्ट्झसाठी हा गुणाकार २५ मायक्रोसेकंदांच्या आत हवा.

दुसरी खोड कपलिंगनंतरच्या लोडची. कपॅसिटरमधून ऑडिओ पुढे नेला आणि पुढच्या अॅम्प्लिफायरचा इनपुट ४.७ किलोओहमचाच निघाला, तर एसीला दिसणारा लोड निम्मा होतो आणि डिटेक्टर ५० टक्क्यांपुढची दरी कापू लागतो. पुढे १०० किलोओहम असेल तर ही मर्यादा ९५ टक्क्यांपर्यंत जाते. स्वस्त संगणक स्पीकर थेट जोडून ‘माझा एएम फाटतो’ म्हणणाऱ्याने आधी हे तपासावं.

टक्केवारी मल्टिमीटरवरही काढता येते. कॅरिअरला डीसी ७ व्होल्ट. ४०० हर्ट्झ टोन द्या, १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एसी व्होल्ट मोजा. समजा ४.२ आले. १.४१ ने गुणा, ५.९. भागिले ७, म्हणजे ८५ टक्के. टोन ४०० चाच का, तर साध्या मल्टिमीटरची एसी रेंज त्याच्या आसपास संपते. १००० हर्ट्झला तो कमी दाखवतो आणि आपण गेन वाढवत बसतो. एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असलेला पिवळा मीटर या कामाचा नाही, २ आणि २० व्होल्टची रेंज हवी.

याच डिटेक्टरचा डीसी आकडा फुकटात आणखी एक गोष्ट सांगतो. मॉड्युलेशन दोन्ही बाजूंना सारखं असेल तर सरासरी बदलत नाही, सुई किंवा आकडा बोलताना जागचा हलत नाही. बोलताना डीसी उतरला तर वरची टोकं कापली जात आहेत किंवा सप्लाय बसतो आहे. डीसी चढला तर दरी शून्यावर कापली जाते आहे. माणसाचा आवाज मुळातच एका बाजूला जास्त उंच असतो. ती उंच बाजू दरीकडे जात असेल तर मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या एका वाइंडिंगच्या दोन तारा उलट करा. काहीच खर्च न करता दोन-तीन डेसिबल मोठा आवाज मिळतो, आणि हा उपाय करायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

हमही इथेच मोजा. टोन बंद, माइक इनपुट शॉर्ट. ७ व्होल्ट डीसीवर एसी ५० मिलिव्होल्ट दिसले तर हम एक टक्का, ४० डेसिबल खाली. याहून कमी हवा. स्कोपवरच्या पट्टीत एक टक्का दिसत नाही, कानाला मात्र ऐकू येतो. १०० हर्ट्झचा हम असेल तर रेक्टिफायरनंतरचा फिल्टर अपुरा. ५० हर्ट्झचा असेल तर हीटरची तार, अर्थ लूप किंवा ब्रिजचा एक डायोड उडालेला.

माणसाच्या आवाजाने

टोन जुळला म्हणजे बोलणं जुळलं असं नाही. माइकसमोर नेहमीच्या अंतरावर बसून गावांची नावं म्हणा. पलूस, पाटण, फलटण, खटाव यांनी ‘प’, ‘फ’, ‘ख’ चा हवेचा झोत माइकवर येतो आणि दरी खोल जाते. सांगली, शिराळा, सातारा, तासगाव यांनी ‘स’, ‘श’ ची शिट्टी वर जाते आणि सिग्नलची रुंदी कळते. पहिल्या गटाला शेपूट फुटत असेल तर माइकवर फोमची टोपी आणि ३०० हर्ट्झखाली काप. दुसऱ्या गटाला सिग्नल ३ किलोहर्ट्झबाहेर पसरत असेल तर ऑडिओला लो-पास फिल्टर हवा. आवाज जाड यावा म्हणून क्लिपर (ऑडिओची टोकं छाटणारं सर्किट) लावला असेल तर फिल्टर त्याच्या नंतर. आधी लावला तर क्लिपरने तयार केलेले कोपरे सरळ हवेत जातात.

मध्यमलहरींवर १२५१ किलोहर्ट्झला सांगली आकाशवाणी ऐकून तयार झालेला कान एएमवरही तसाच भरघोस आवाज मागतो. ते प्रसारण ९ किलोहर्ट्झच्या चॅनलचं. आपल्याला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना ३-३, एकूण ६ किलोहर्ट्झ पुरे. बँडच्या टोकापासून कॅरिअर किमान ४ किलोहर्ट्झ आत ठेवा, नाहीतर एक साइडबँड बाहेर बोलत राहते.

पडद्यावर स्पेक्ट्रम, हवेवर कान

एसडीआर डोंगल (संगणकावर स्पेक्ट्रम दाखवणारा छोटा रिसीव्हर) असेल तर तो सॅम्पलरला थेट जोडू नका. ८९ ला १ करूनही १०० वॅट पीईपीला तिथे साडेबारा मिलिवॅट असतात, डोंगलच्या तोंडात बादली ओतल्यासारखं. १० सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून लावून डमी लोडपासून दूर ठेवा आणि गेन खाली आणा. १००० हर्ट्झ टोनला १०० टक्क्यांवर प्रत्येक साइडबँड कॅरिअरपेक्षा ६ डेसिबल खाली, ५० टक्क्यांवर १२ डेसिबल खाली दिसली पाहिजे. कॅरिअरपासून २ किलोहर्ट्झवर जी छोटी काडी दिसते तो दुसरा हार्मोनिक. ती १ किलोहर्ट्झच्या काडीपेक्षा २६ डेसिबल खाली असेल तर ५ टक्के विकृती. स्वस्त डोंगल ८ बिटचा असतो, पन्नासेक डेसिबलखालचं त्याला दिसत नाही. पडदा स्वच्छ म्हणजे सिग्नल स्वच्छ असं नाही.

कॅरिअर बोलण्याबरोबर सरकतो का, हे एसएसबी (एकाच साइडबँडच्या) रिसीव्हरवर ऐका. एसएसबीत लावून कॅरिअरची शिट्टी ५०० हर्ट्झच्या आसपास आणा आणि बोला. शिट्टी एका सुरात राहिली तर ठीक. डुलली तर ऑसिलेटरच्या सप्लायला मॉड्युलेटर धक्का देतो आहे, ऑसिलेटरला वेगळा रेग्युलेटर द्या.

हवेवर रिपोर्ट मागताना प्रश्न नेमके विचारा. ‘कसा येतोय’ नको. ‘अडीच किलोहर्ट्झचा फिल्टर लावून माझ्यापासून ६ किलोहर्ट्झ बाजूला जा, बोललेलं काही ऐकू येतं का’ असं विचारा. शेजारच्या गल्लीतला हॅम ‘येतं’ म्हणाला तर त्याला २० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावायला सांगा. आवाज त्याच प्रमाणात उतरला तर स्प्लॅटर तुमचं. एकदम गायब झाला तर त्याचाच रिसीव्हर ओव्हरलोड होत होता. लांबच्या वेब-एसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकायच्या रिसीव्हरवर) स्वतःला ऐकताना मधूनच आवाज खोल, फाटका होतो. तो सिलेक्टिव्ह फेडिंगचा खेळ आहे, कॅरिअर क्षणभर विझतो आणि साइडबँड राहतात. त्यावरून गेनला हात लावू नका.

डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर घाण, असं असेल तर आरएफ माइकच्या तारेतून परत येतो आहे. माइक सॉकेटच्या आत १ नॅनोफॅरड जमिनीला, तारेवर फेराइट, आणि फीडरला चोक. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात कोअॅक्सच्या सांध्यात पाणी शिरल्यावरही हेच लक्षण दिसतं, आधी सांधा उघडून बघा.

शेवटी व्होल्टेज. दुपारी २३० व्होल्टांवर ८५ टक्क्यांना लावलेला ट्रान्समीटर, शेतीपंप सुरू झाल्यावर लाइन २०० वर आली की कसा वागतो ते बघा. प्लेट सप्लाय त्याच प्रमाणात उतरतो, कॅरिअर २५ चा १९ वॅट होतो, त्याचं टोक ०.८७ पट. ऑडिओचा गेन मात्र तेवढाच राहिला तर ८५ चे ९८ टक्के होतात, माइकला हात न लावता. म्हणून काचेवरच्या खुणांपाशी लाइन व्होल्टेजही लिहून ठेवा, आणि संध्याकाळी बोलायच्या आधी कॅरिअरची पट्टी त्या खुणांना भिडते का ते बघून, कमी पडत असेल तेवढा माइक गेन खाली घ्या.